बाळची कॅसेट

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती आणि जावई मिळून आमच्या बाळच्या पनवेलच्या घराचा माळा साफ करत होते. "आत्या, बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडलीय. वर बॉलपेनने काहीतरी खरडलंय, रशियनसारखं दिसतंय. आणि खाली चक्क तुझ्या अक्षरात मराठीत लिहिलंय, 'बाळचं गाणं'. काय आहे हे?"

मी एकदम १९७९ सालात जाऊन पोचले.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. आता सत्तरी ओलांडली त्याने, नातवंडं झाली, पण आमच्या घरी तो अजून बाळच. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही रेवदंड्याचे. वडील लवकर गेले. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि १९७२ साली शाळेत नोकरीला लागले. बाळ फिटरचा कोर्स करून मुंबईत एका कारखान्यात चिकटला होता, पण पगार बेताचा. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि अरब देशांमध्ये पैशाचा नुसता पाऊस पडू लागला. रस्ते, पूल, कारखाने, कालवे, जिकडेतिकडे बांधकामं. त्यासाठी हात हवे होते, आणि ते हात आमच्या कोकणातून, केरळातून, पंजाबातून गेले. १९७७ साली बाळही गेला. सगळे दुबई-कुवेतला जायचे, हा गेला इराकला.

दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये तो पहिल्या सुट्टीवर आला. सोबत आईला साडी, मला घड्याळ आणि त्या काळी परदेशातून आलेल्या प्रत्येकाकडे असायचा तो टू-इन-वन. त्या दिवशी पावसाने थैमान घातलं होतं, लाईट गेलेले. बाळने सेल घातले, कॅसेट सरकवली आणि म्हणाला, "ताई, हे ऐक. मी राहतो ना, तिथलं गाणं आहे."

आधी ढोलासारखा एक ठेका. मग बायकांचे आवाज, एकात एक मिसळलेले, नुसतंच गुणगुणणं. नंतर शब्द सुरू झाले. माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं, त्यातून तो परका उच्चार. मला फक्त एकच शब्द कळला, बॅबिलोन.

आता इतिहासाच्या बाईंना असा शब्द सापडल्यावर काय होणार? मी कॅसेट बंद करायला लावली आणि सुरू झाले. हम्मुराबीची संहिता, नेबुखदनेझर, झुलत्या बागा, सात आश्चर्यं. अर्धा तास बोलत होते. बाळ गप्प बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, मी त्याच्या शेजारीच राहतो. हिल्लापासून पाच-सहा मैलांवर. बागाबिगा काही नाहीत गं तिथे. नुसती माती आहे."

मी हसले आणि म्हटलं, "अरे, इतिहास डोळ्यांनी दिसत नसतो, समजून घ्यावा लागतो."

आज ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते. (आणि जाता जाता सांगते, त्या झुलत्या बागा मी पस्तीसेक वर्षं शिकवल्या. पण बॅबिलोनच्या उत्खननात त्यांचा पक्का पुरावा मिळालेला नाही. काही अभ्यासकांच्या मते त्या तिथे नव्हत्याच, निनेव्हेला असाव्यात. म्हणजे माझ्यापेक्षा माझ्या फिटर भावाचं म्हणणंच खरं ठरायची शक्यता जास्त!)

कॅसेटचं म्हणाल तर ती त्याला कॅम्पवरच्या एका युगोस्लाव्ह ड्रायव्हरने भरून दिली होती. त्या वेळी इराकमध्ये युगोस्लाव्ह कंपन्यांची बरीच कामं चालू असत. वरची ती रशियनसारखी अक्षरं त्याचीच. बँडचं नाव बोनी एम. बाळला त्याहून जास्त काही माहीत नव्हतं, मला तर मुळीच नाही. आमच्या घरात बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला.

आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहायचं. आता तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फार पूर्वी एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश म्हणजे आपले कोकणातले ज्यू, अशी त्यांची परंपरा सांगते. नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. आडनावं आपल्यासारखीच गावावरून, शेवटी 'कर' लावलेली. बोली मराठी, बायकांची नेसणं नऊवारी. रेवदंड्याला त्यांचं सिनेगॉग आहे, आम्ही त्याला मशीद म्हणायचो आणि तेही म्हणायचे. शेजारच्या मावशी आईच्या वयाच्या, एकटीच बाई, दोन्ही मुलगे आधीच इस्रायलला गेलेले. त्यांच्याकडचा मलिदा, म्हणजे पोहे, खोबरं, साखर आणि फळं, आम्ही लहानपणापासून खाल्लेला.

दुसऱ्या दिवशी मावशी बाळला भेटायला आल्या. त्याने त्यांनाही गाणं लावून दिलं आणि त्याला कळलेला अर्थ तोडक्यामोडक्या मराठीत सांगितला. बॅबिलोनच्या नद्यांच्या काठी बसून आपल्या गावच्या आठवणीने रडणारी माणसं आहेत, आणि ज्यांनी त्यांना पकडून नेलं तेच त्यांना म्हणताहेत, गाणं म्हणून दाखवा.

मावशींनी पदराने डोळे टिपले. म्हणाल्या, "अरे, हे तर आमच्या बिरड्याच्या सणाचं!"

मला तेव्हा काहीच कळलं नाही. नंतर त्यांनी समजावलं. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा ज्यू लोक कडक उपास करतात. हिब्रू पंचांगातल्या आब महिन्याची नववी तारीख, आपल्याकडे पावसाळ्यात येते. कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्याला नाव दिलं बिरड्याचा सण, कारण त्या उपासाशी वालाच्या बिरड्याचं जेवण जोडलेलं. जेरुसलेमचं दुःख आणि अलिबागचे वाल! त्या दिवशी म्हणायच्या तेहिलीममधलं, म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकातलं, हे एकशेसदतिसावं स्तोत्र. मावशींनी ते आधी हिब्रूत म्हटलं आणि मग मराठीत, कीर्तनाच्या चालीवर. (हो, त्यांच्यातही मराठी कीर्तनं होत. एकोणिसाव्या शतकात आपल्या हरिदासांची कीर्तनं पाहून त्यांनी आपल्या धर्मकथा तशा सांगायला सुरुवात केली.)

त्या घटनेचा इतिहास मला पाठ होता. नेबुखदनेझरच्या सैन्याने इ.स.पूर्व ५८७-८६च्या सुमारास जेरुसलेम जिंकलं, मंदिर जाळलं आणि तिथल्या शेकडो घराण्यांना, त्यात कारागीर, पुरोहित, लिहिणारे-वाचणारे, बॅबिलोनला नेलं. पुढे इ.स.पूर्व ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बॅबिलोन घेतलं आणि त्यांना परतायची परवानगी दिली. सगळे परतले नाहीत. पन्नास वर्षांत तिथेच मुलंबाळं झाली, दुकानं झाली. हे सगळं मला येत होतं. पण त्या संध्याकाळी मावशी आणि बाळ टू-इन-वनच्या दोन बाजूंना बसून एकच गाणं ऐकत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या दोघांना जे कळलं होतं ते मला कळलेलं नव्हतं, एवढं मात्र जाणवलं.

१९८०च्या सुरुवातीला बाळ पुन्हा गेला. टू-इन-वन आणि कॅसेट आईसाठी ठेवून गेला. आईला कुठली कॅसेट कुठली ते कळावं म्हणून मी त्यावर 'बाळचं गाणं' असं लिहिलं.

२२ सप्टेंबर १९८० रोजी इराक-इराण युद्ध सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी बगदादवर बाँब पडल्याची बातमी. त्या दिवसांत आमच्याकडे फोन नव्हता. पत्र हाच एक धागा, आणि तो तुटला. दोन महिने काही नाही. संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या झाल्या की आई म्हणायची, "बाळचं गाणं लाव." इंग्रजीचं एक अक्षर न कळणारी माझी आई भिंतीला टेकून ते गाणं ऐकायची, मग देवापुढे दिवा लावायची. मी वर्गात जाऊन पहिलं महायुद्ध शिकवायचे, कारणं आणि परिणाम, पाच-पाच मुद्दे.

डिसेंबरात पत्र आलं. १९८१च्या फेब्रुवारीत बाळ आला, बसने जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत आणि तिथून विमानाने. वजन उतरलेलं. त्या वर्षी आमच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं होतं, तर तो हसून म्हणाला, "मी पत्ता चुकलो असतो की." बस्स. इराकबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्याच्या पैशांनी घरावर मंगलोरी कौलं आली, माझं लग्न झालं. कौलांचा हिशोब मला आजही पाठ आहे, पण ते पैसे त्याने कसे मिळवले ते माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतर, २००९ साली, भाचीनेच मला कॉम्प्युटर शिकवला. तेव्हा एकदा मी हा बोनी एम शोधून काढला. जे वाचलं त्याने मी चाटच पडले.

हा बँड मुळात बँडच नव्हता! पश्चिम जर्मनीत फ्रँक फारियन नावाचा एक गायक-निर्माता होता. १९७५ साली त्याने एकट्यानेच एक गाणं रेकॉर्ड केलं आणि एका ऑस्ट्रेलियन गुप्तहेर मालिकेवरून नाव घेतलं बोनी एम. गाणं चालायला लागल्यावर स्टेजवर उभी करायला माणसं हवी होती, म्हणून त्याने कॅरिबियन बेटांवरचे चारजण जमवले. लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेरातची आणि नाचणारा बॉबी फॅरेल अरूबाचा. रेकॉर्डवर खऱ्या गायच्या त्या लिझ आणि मार्शा. पुरुषाचा आवाज फारियनचा स्वतःचा, बॉबी नुसते ओठ हलवायचा. मेझीचाही आवाज त्या रेकॉर्डवर नव्हता. याच फारियनने पुढे मिली व्हॅनिली नावाची जोडी अशीच उभी केली, तेव्हा मात्र १९९० मध्ये बिंग फुटलं आणि त्यांचं ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आलं.

मला आधी रागच आला. ज्या गाण्यावर माझी आई दोन महिने जगली ते असं बनावट? पण मग शिक्षकाची सवय जागी झाली. आपण मुलांना सांगतो ना, साधन खोटं असलं तरी त्यातली माहिती तपासून पाहावी. म्हणून गाण्याचा माग काढत मागे मागे गेले.

हे गाणं बोनी एमचं नव्हतंच. १९७० साली जमैकात मेलोडियन्स नावाच्या गटाने ते आधी गायलं होतं. ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन या दोघांनी ते रचलं, शब्द बायबलच्या स्तोत्रांमधून घेऊन. हे दोघं रास्ताफारी पंथाच्या विचारांचे. जमैका १६५५ साली इंग्रजांनी स्पॅनिशांकडून घेतलं आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून कॅरिबियन बेटांवर आणली गेली. गुलामगिरी बंद करायचा कायदा १८३३ सालचा, प्रत्यक्षात पूर्ण सुटका १८३८ मध्ये. आणि नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड दिले, कोणाला? गुलामांच्या मालकांना! गुलामांना दमडीही नाही. पुढे १८४५ पासून त्याच मळ्यांवर राबायला आपल्या देशातली माणसं गिरमिटिया म्हणून नेली, तेही तिथेच.

या गुलामांना मालकांचं बायबल मिळालं, आणि त्यांनी त्यात स्वतःची गोष्ट शोधली. आपल्याला धरून आणलंय, आपण परक्या देशात आहोत, म्हणजे आपणच ते बॅबिलोनमधले कैदी. १९३० साली इथिओपियात रास तफारी हा हेले सेलासी नावाने सम्राट झाला, तेव्हा जमैकातल्या गरिबांपैकी काहींना वाटलं की हाच आपला तारणहार. त्यातून रास्ताफारी पंथ निघाला. त्यांच्या भाषेत बॅबिलोन म्हणजे जुलमी सत्ता, पोलीस, सरकार, सगळंच. म्हणजे मेलोडियन्सच्या गाण्यातलं बॅबिलोन इराकात नव्हतं, त्यांच्या दारात होतं.

१९७८ साली फारियनने ते उचललं. रास्ताफारींच्या देवाचे खास शब्द बदलून सगळ्यांना चालतील असे घातले, ठेका नाचता येईल असा केला. ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला जमैकातल्या मुलींच्या खेळाचं एक गाणं होतं. मुली रिंगण धरतात आणि मध्ये एक उभी राहते, आपल्या भोंडल्याची आठवण व्हावी असं.

प्रत्येकाने आपल्याला नको ते गाळलं, हे मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. मूळ स्तोत्राचा शेवट भयंकर आहे. रडणारी तीच माणसं शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांवर सूड मागतात. जमैकातल्या गाण्यात तो शेवट नाही, त्याजागी दुसऱ्या एका स्तोत्रातली नम्र प्रार्थना आली. जर्मनीत रास्ताफारी गेले. आमच्या रेवदंड्यात शब्दच गेले, आईसाठी उरला फक्त सूर आणि बाळ.

तरीही असं गाणं पूर्ण निरुपद्रवी होत नाही. १९७८च्या डिसेंबरात बोनी एम मॉस्कोत गायला गेले तेव्हा रास्पुतीनवरचं त्यांचं गाजलेलं गाणं त्यांना तिथे गायला मिळालं नाही. (योगायोग पाहा, बॉबी फॅरेल २०१० साली वारला तो रास्पुतीनच्याच शहरात, सेंट पीटर्सबर्गमध्ये, आणि तारीखही तीच, ३० डिसेंबर.) २०१० मध्येच मेझी विल्यम्सचा संच पॅलेस्टाईनमध्ये रामल्लाला गेला, तेव्हा आयोजकांनी सांगितलं, बॅबिलोनचं गाणं नको. एकाच्या घराची आठवण म्हणजे दुसऱ्याच्या घरावरचा दावा, असंही होतं. सोपं नाही ते.

आणि आणखी एक. बॅबिलोनची ती प्रसिद्ध निळ्या विटांची इश्तार वेस जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय याने उत्खननात काढली, आणि तिच्या विटा नेऊन बर्लिनच्या संग्रहालयात पुन्हा उभी केली गेली. वेस जर्मनीला गेली आणि गाणं जर्मनीहून आलं! जेरुसलेमच्या कैद्यांचं दुःख जमैका, जर्मनी, युगोस्लाव्हिया असं फिरत अडीच हजार वर्षांनी पुन्हा त्याच नदीकाठी पोचलं, ते एका मराठी फिटरच्या कानात.

मावशींचंही सांगायला हवं. १९८४ साली मुलांनी त्यांना इस्रायलला नेलं, बीरशेब्याला. स्वतंत्र भारतातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएलांचं स्वागत सरळ झालं नव्हतं. १९६०च्या सुमारास तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. १९६४ साली त्यांनी मोठं आंदोलन केलं तेव्हा कुठे तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असा ठराव केला. मावशी गेल्या तोवर ते सगळं निवळलं होतं. जाताना आम्ही म्हटलं, "मावशी, तुम्ही आता तुमच्या देशात चाललात." वर्षभराने त्यांचं पत्र आलं. प्रकृती बरी, मुलगे सुना चांगल्या. पण बिरड्याच्या सणाला वाल मिळाले नाहीत, बीन्सचं काहीतरी केलं. आणि स्तोत्र म्हणताना डोळ्यांपुढे जेरुसलेम येत नाही, आपली वाडी आणि विहीर येते, देव रागावेल का, असं त्यांनी आईला विचारलं होतं. आईने उलट टपाली पुरचुंडीत वाल पाठवले. पोचले की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

असो. तर भाचीचा फोन. कॅसेटची फीत बुरशीने गेलेली, ती काही वाजणार नव्हती. मी पुढच्या रविवारी पनवेलला गेले. बाळला हल्ली कमी ऐकू येतं. भाचीने मोबाईलवर गाणं लावून त्याच्या कानाशी धरलं. तो बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "ताई, तुला आठवतं, मी पहिल्यांदा लावलं तेव्हा?"

मी म्हटलं, "आठवतं. मी मध्येच बंद करायला लावलं होतं."

"मला तेव्हा तुला एक सांगायचं होतं."

आणि त्याने सांगितलं. कॅम्पमध्ये रत्नागिरीकडचा एक मुलगा होता, बाळच्याच खोलीत. त्याची आई गेल्याची तार आली, पण पासपोर्ट कंपनीकडे जमा. सोडलं नाही त्याला. रात्री तो खोलीत थांबेना, म्हणून हे चार-पाचजण त्याला घेऊन फरात नदीच्या फाट्यावर जाऊन बसले. युगोस्लाव्ह ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता, त्याच्या गाडीत हे गाणं चालू होतं. त्यानेच अर्थ सांगितला, आणि ही जागा तीच आहे असंही. सगळे रडले, तो ड्रायव्हरसुद्धा. सकाळी सहाला पुन्हा कामावर.

"तुझं घड्याळ आणलं होतं, आईची साडी आणली होती," बाळ म्हणाला, "तेव्हा म्हटलं, हेही सांगावं. पण तू बागांचं सांगायला लागलीस."

यावेळी मी मध्ये बोलले नाही. तो आणखी तासभर बोलत होता. युद्धाचं, अम्मानच्या बसचं, सगळं. भाची शेजारी बसून लिहून घेत होती, ते मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

कॅसेट मी मागून आणली. वाजत नाही, पण माझ्या टेबलावर ठेवली आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरचं कोणी त्या काळात आखातात राबून आलं असेल, त्यांना एवढंच सांगते, काय आणलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आता एकदा शांतपणे बसून विचारा. आणि विचारल्यावर गप्प राहा. हे मला शिकायला सत्तरी उलटावी लागली.